मागच्या सीटवरच्या दोघी

सोमवार, ३ मार्च

टायर कंपनीने दिलेली ही डायरी दोन महिने टेबलाच्या खणात पडून होती. आज बाहेर काढली. तेवीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. क्लच कसा सोडावा हे छापील पुस्तकात सापडतं, पण क्लच सोडताना चांगल्या शिकलेल्या माणसाला घाम का फुटतो, हे कुठे सापडत नाही. म्हणून रोज चार ओळी लिहायच्या आणि वर्षअखेर एक लहानसं पुस्तक करायचं, असा बेत आहे. बायकोला सांगितला. ती हॉस्पिटलात नर्स आहे, ड्युटीला निघायची घाई होती. म्हणाली, "अहो, आधी डायरी महिनाभर टिकू दे, मग पुस्तकाचं बघू."

तर पहिली नोंद. आमच्या स्कूलची एक रीत आहे. मी एकेकट्याला शिकवत नाही. एकजण चालवतो, मी शेजारी, आणि ज्यांची पाळी यायची ते मागे बसतात. सुरुवातीला गाडीच एक होती म्हणून तसं केलं. मग लक्षात आलं, की पुढच्याचे हात कसे चालतात हे मागे कोण बसलंय त्यावर ठरतं. मागे नवरा असला की बाई स्टिअरिंग असं धरते, जणू त्याचाच गळा. मागे पाच भावंडं कोंबली तर पुढच्याला स्वतःचं नावही आठवत नाही. पण मागे एकच माणूस असलं आणि ते मनासारखं असलं, तर पुढच्याचे खांदे आपोआप खाली येतात. मी आधी खांदे बघतो, मग गिअर.

मागच्या लोकांची अजून एक गंमत. त्यांना वाटतं मास्तरचे डोळे रस्त्यावर, पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर, म्हणजे मास्तर नाहीच. काय काय बोलतात! कोण नोकरी सोडणार, कोणाचं लग्न मोडणार, सगळं मला आधी कळतं. कोणी विचारलंच, तर माझं ठरलेलं उत्तर असतं : "मला फक्त इंजिन ऐकू येतं." खरं म्हणजे ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापासून माझे कान तिखट आहेत. मागचं कुठलं चाक कुरकुरतंय ते मी झोपेतून सांगायचो.

बुधवार, ५ मार्च

आजपासून आमची ठमी शिकायला लागली. अठरा पूर्ण झाली, आता सबब नाही. खरं नाव ठमी नव्हे, पण लहानपणी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना हुकूम सोडायची, तेव्हापासून मी ठमाबाई म्हणतो. कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. बरोबर तिची मैत्रीण शिट्टी. ही पोर सदोदित शिट्टी वाजवते, आणि सुरात वाजवते. तिच्या वडिलांचं चौकात औषधांचं दुकान आहे. ठमीपेक्षा एका वर्षाने मोठी, औषधांच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ठमी सहावीत होती तेव्हापासूनची दोघींची जोडी.

ठमी चालवायला बसली तेव्हा मी खांदे बघितले. पहिल्याच दिवशी खाली! गाडी चार वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी मागून शिट्टी म्हणायची, "वा! काय सुंदर थांबवलीस!" आणि दोघी खिदळायच्या. पाचव्यांदा गाडी निघाली ती सरळ पाण्याच्या टाकीच्या चढापर्यंत.

बायकोला म्हणालो, ठमीच्या फोनमध्ये चारशे नावं आहेत, पण गाडीत बसवायला हीच एक लागते. ती म्हणाली, "तुमच्या फोनमध्ये किती आहेत?" सातशेच्या वर भरली. धंद्यात लागतातच.

शुक्रवार, ७ मार्च

आज दातांचे डॉक्टर चालवत होते. दुसऱ्याच्या तोंडात ड्रिल घालताना ज्याचा हात हलत नाही, तो माणूस गाडी मागे घेताना थरथरतो. मी त्यांना सांभाळत होतो आणि मागे दोघींची कुजबुज चालू होती. आधी शिट्टी नको म्हणत होती, मग ठमीने काहीतरी कानात सांगितलं, मग ती बोलायला लागली. तिने परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही! पंधरा तारीख शेवटची. दोन महिने झाले, कॉलेजच्या नावाखाली रोज स्टेशनमागच्या पेंटरकडे जाते. दुकानांच्या पाट्या रंगवतात ते. तिथे अक्षरं काढायला शिकते. "ठमे, ब्रश एका दमात खाली आला ना, की असं वाटतं आता आपल्याला कोणी काही म्हणू नये." ठमी म्हणाली, "घरी कधी सांगणार?" ती म्हणाली, "अक्षर नीट जमलं की. तोवर फक्त तुला."

एक अख्खं वर्ष वाया घालवणार ही पोर. पाट्या रंगवायला!

शनिवार, ८ मार्च

खोकल्याच्या गोळ्या आणायला गेलो होतो. औषधवाले एकटेच होते. बोलू की नको असं झालं. मग म्हटलं, उद्या आपल्या ठमीने असं काही केलं आणि दुसऱ्याला ठाऊक असून त्याने तोंडात मूग धरले, तर मला कसं वाटेल? एका बापाने दुसऱ्या बापाला सांगावं. त्यांच्या कानावर घातलं. गृहस्थ पांढरेफटक पडले. म्हणाले, "मास्तर, उपकार झाले." मी म्हणालो, "उपकार कसले. फक्त माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. धंद्याचा प्रश्न आहे, लोक गाडीत विश्वासाने बसतात." म्हणाले, "छे छे, शब्द दिला."

एक चांगलं काम झालं. गोळ्यांनी खोकलाही बसला.

मंगळवार, ११ मार्च

शिट्टी आली नाही. ठमीही वर्गाला बसली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. दातांच्या डॉक्टरांनी आज एक कुंडी पाडली.

शुक्रवार, १४ मार्च

दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. ठमीला विचारलं तर "काही नाही." मी म्हणालो, "ठमाबाई, रुसवे-फुगवे दोन दिवस बरे दिसतात, तिसऱ्या दिवशी नाक लांब होतं." हसली नाही. एरवी माझ्या विनोदावर निदान "बाबा, प्लीज" तरी म्हणते.

जेवताना मात्र आपणहून बोलली. ताटातल्या भातावर बोटाने रेघा ओढत म्हणाली, "बाबा, गाडीत मागचं बोलणं तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

मी म्हणालो, "मला फक्त इंजिन ऐकू येतं."

माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. अर्धा भात तसाच.

मंगळवार, १८ मार्च

पुस्तकाचं काही लिहून झालेलं नाही. ठमीचंच लिहितो.

चार दिवस कॉलेजला गेलेली नाही. सकाळी उठते, आंघोळ करते, कपडे करते आणि पलंगावर बसून राहते. दार उघडंच असतं. फोन उशाशी पालथा पडलेला. तो सारखा वाजतो, चारशे लोक आहेत ना त्यात, पण ती उचलून बघते आणि परत पालथा घालते. ज्याचा यायला हवा त्याचा येत नसणार. काल तिची आई विचारत होती, "दुखतंय का कुठे?" ती म्हणाली, "आई, दुखत असतं तर बरं झालं असतं, गोळी तरी घेतली असती."

मला हे कळत नाही. या वयात मी ट्रकच्या टपावर झोपायचो. भांडण झालं तर दोन हात करायचो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा दोस्त करायचो. रोज नवं गाव, रोज नवा दोस्त. आज त्यातल्या एकाचाही चेहरा आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.

गुरुवार, २० मार्च

औषधाच्या दुकानात गेलो. शिट्टी काउंटरवर! पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, गोळ्यांच्या पट्ट्या मोजून देत होती. पोर ताळ्यावर आली म्हणायची. मी म्हणालो, "काय शिट्टी, गाडी विसरलीस का?" तिने वर न बघता विचारलं, "मास्तरकाका, अजून काही हवंय?" एकदम मोठ्या माणसासारखं. वडील मागून मला डोळ्यांनी 'सगळं ठीक' म्हणाले.

पाच मिनिटं तिथे उभा होतो. पोरीने एकदाही शिट्टी वाजवली नाही. जबाबदारी आली की होतं असं.

रविवार, २३ मार्च

आज मी एक युक्ती केली. एक मैत्रीण रुसली तर सात आणाव्यात. ठमीच्या वर्गातल्या सात मुलामुलींना फोन केले आणि तिन्ही गाड्या काढून सगळ्यांना तळ्यावर घेऊन गेलो. आमच्या स्कूलमध्ये दुसऱ्या गाडीवर शिकवणाऱ्या ताई आहेत, त्यांचीही सुट्टी मी खाल्ली. गाणी झाली, पत्ते झाले, सँडविचं झाली, पन्नास तरी फोटो काढले. प्रत्येक फोटोत ठमी मध्यभागी आणि दात दिसतायत. मी खूश.

घरी आल्यावर ती बुटांसकट पलंगावर आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, आजचं मनापासून केलंत ना तुम्ही?" मी म्हणालो, "म्हणजे काय!" तर म्हणाली, "मग परत नका करू. दिवसभर हसून गाल दुखतायत."

गुरुवार, २७ मार्च

तिची आई तिला हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली होती. वजन तीन किलो उतरलंय. रक्त वगैरे ठीक. बाईंनी बाकीचंही विचारलं. मनातलं बोलायला कोणी आहे का, असंही विचारलं. ठमी म्हणाली, "होती."

बायको हे मला सांगताना स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. नळ सोडलेला, हातात भांडं काहीच नाही. म्हणाली, "अहो, मी रोज इतके आजारी बघते. पण ती 'होती' म्हणाली ना, ते मला सोसलं नाही."

मी म्हणालो, त्या शिट्टीचंच काहीतरी चुकलेलं असणार. आमची ठमी कोणाचं वाईट करणारी नाही.

शनिवार, २९ मार्च

अजून एक युक्ती. ही ताईंना आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. एक नवी मुलगी शिकायला येते. ठमीच्याच वयाची, बोलकी, हसरी. तिला बाजूला घेऊन म्हणालो, आमच्या लेकीशी जरा गट्टी कर, तुझी परीक्षा होईपर्यंत मी जातीने लक्ष देईन. मग ठमीला कशीबशी उठवून गाडीत बसवलं, मागे ही.

मुलगी प्रामाणिक. बसल्या बसल्या सुरू झाली. तुझा आवडता रंग कोणता, तुला मांजर आवडतं का, आपण मैत्रिणी होऊ या का. ठमीचे खांदे हळूहळू कानांना जाऊन टेकले. मैदानावर सहा शंकू मांडलेले होते, त्यातले पाच उडाले. सहाव्यापाशी तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि पायी घरी निघून गेली.

ताई बाजूच्या गाडीत बसून सगळं बघत होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "मास्तर, गेलेली मैत्रीण काय हेडलाइट आहे, जुना काढून नवा बसवायला?"

मी म्हणालो, "मग करू काय? तुम्हीच सांगा."

"तिची मैत्रीण का गेली ते शोधून काढा. एरवी सगळ्या गावाचं ऐकता, घरचंच कसं ऐकू आलं नाही तुम्हाला?"

ताईंचं बोलणं असं खरखरीत, पण गाडी उत्तम शिकवतात.

बुधवार, २ एप्रिल

औषधवाले आज स्वतः ऑफिसात आले. हातात मिठाईचा पुडा. म्हणाले, "मास्तर, शेवटच्या दिवशी फॉर्म गेला. तुम्ही बोलला नसता तर वर्ष गेलं होतं."

मी म्हणालो, "चला, बरं झालं. घरी फार वादळ?"

"वादळ तर झालंच. पेंटरकडे जाणं बंद केलं, दुकानात माझ्या नजरेसमोर बसवली. आता बोलत नाही फारशी, पण बसते. तिने मला खोदून खोदून विचारलं हो, तुम्हाला कोणी सांगितलं, कोणी सांगितलं. पण मी शब्द पाळला. तुमचं नाव नाही घेतलं."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुझ्या मैत्रिणीकडूनच कळलं. म्हणजे कसं, तुमच्याच घरचं, खोटंही नाही आणि तुमचं नावही नाही."

ते चहा पिऊन गेले. पुडा टेबलावर तसाच आहे. तीनची बॅच मी ताईंना घ्यायला सांगितली.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी ठमीच्या दारापाशी जाऊन आलो. दोनदा. म्हणालो, "पंखा लावू का?"

शनिवार, ५ एप्रिल

तीन दिवस मी ठमीला न सांगण्याची कारणं शोधतोय. लिहून काढतो म्हणजे तोंड धुतल्यासारखं वाटेल. एक, सांगितलं तर ठमीला अजून त्रास होईल. दोन, औषधवाल्यांनीच शिट्टीला खरं सांगावं, मी कशाला मध्ये? तीन, गावात झालं की मास्तर गाडीतलं बाहेर सांगतो, तर उद्या कोण बसेल? तिसरं कारण खरं. नाही, तेही नाही. खरं कारण असं, की ती माझ्याकडे बघेल.

आज बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही भल्यासाठीच केलंत. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगताय?"

"मग कोणाला सांगू?"

"मी 'जाऊ द्या' म्हणाले, तर तुम्हाला हलकं वाटेल आणि ती आहे तिथेच राहील. तिच्यापुढे जा."

मी म्हणालो, "अगं, ती काय म्हणेल?"

ती म्हणाली, "ते ऐका जाऊन. ऐकण्यात तर हुशार आहात."

रविवार, ६ एप्रिल

ठमीला म्हणालो, चल, टाकीच्या चढावर जाऊ, तू चालव. नको म्हणाली. मग मी म्हणालो, "शिकवणार नाहीये. बोलायचंय." माझ्याकडे नीट बघितलं आणि चपला घातल्या.

चढाच्या मध्यावर तिने गाडी थांबवली. रस्ता रिकामा होता. मी आठ वाक्यं तयार केली होती, त्यातलं पहिलंही बाहेर आलं नाही. म्हणालो, "ठमे, शिट्टीच्या वडिलांना मी सांगितलं."

ती म्हणाली, "माहितीये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणालो, "काय?"

"मला माहितीये, बाबा. तिचा फोन आला ना, की तूच सांगितलंस म्हणून, त्याच दिवशी कळलं. मी सांगितलं नव्हतं. ती तर सांगणार नाही. गाडीत अजून कोण होतं? डॉक्टरांना तर कुंडीसुद्धा दिसत नाही."

"मग मला बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं मी. जेवताना."

मला तो अर्धा भात आठवला. माझा पाय सारखा जादा ब्रेकवर जात होता, गाडी उभी असून.

मी म्हणालो, "निदान तिला तरी सांगायचंस, माझ्या बापाने केलं म्हणून. तुझ्यावरचं बालंट तरी गेलं असतं."

तेव्हा ती रडली. महिनाभरात पहिल्यांदा. म्हणाली, "काय सांगू? ती नको म्हणत होती गाडीत बोलायला. मीच म्हणाले, बोल गं, बाबांना इंजिनशिवाय काही ऐकू येत नाही. मी तिला शब्द दिला होता, तुमच्या वतीने."

मागून एक टेम्पो आला आणि हॉर्न वाजवून गेला. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आता काय करणार आहात?"

मी म्हणालो, "उद्या जातो."

"मी येणार नाही."

"नको येऊस."

चढावर गाडी निघताना एक इंचही मागे गेली नाही. हे मी तिला बोललो नाही. वेळ नव्हती ती.

सोमवार, ७ एप्रिल

दुपारी दोनला गेलो. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. औषधवाले खोकी उघडत होते, शिट्टी काउंटरवर.

"या मास्तर! खोकला परत?"

"खोकला नाही. दोघांशी बोलायचंय." मग मी शिट्टीकडे वळलो. "त्या दिवशी गाडीत तू जे बोललीस ते मी ऐकलं. तुझ्या बाबांना मी सांगितलं. ठमीने नाही. आणि माझं नाव घेऊ नका, हेही मीच सांगितलं."

औषधवाले मध्येच, "अहो मास्तर, झालं ते झालं, सगळं भल्यासाठीच ना, आता कशाला..."

"बाबा, एक मिनिट थांबा," शिट्टी म्हणाली. हातातली पट्टी खाली ठेवली. "ठमीला माहीत होतं, तुम्ही सांगितलंत म्हणून?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी फोनवर तिला नाही नाही ते बोलत होते, तेव्हा ती गप्प?" तिचे कान लाल झाले. "काका, मी तिला काय काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, सहावीपासून माझ्याशी खोटं वागलीस. आणि ती 'हं' म्हणाली! नुसतं 'हं'! मूर्ख आहे ती! एक नंबरची मूर्ख!" तिने पांढऱ्या कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. दोन सुटली, तिसरं तुटून माझ्या पायाशी आलं.

"अगं, निघालीस कुठे? दुकान आहे!" वडील म्हणाले.

"मास्तरकाका आहेत ना. त्यांना सगळं ऐकू येतं. गिऱ्हाईक आलं की कळेल त्यांना." पायरीवरून परत वळली. "आणि काका, तुमच्यावर मी रागावलेली आहे. ते संपलेलं नाही. ते नंतर."

आणि रस्त्यावरून पळाली. अक्षरशः पळाली.

मी जे मिळालं ते पदरात घेतलं आणि काउंटरच्या आत जाऊन स्टुलावर बसलो. औषधवाले शेजारी. एक बाई ताप उतरायचं औषध मागायला आली, मी खोकल्याचं काढून दिलं, ते त्यांनी बदललं. मग ते परत खोकी उघडायला लागले. शेवटी मी विचारलं, "ती पेंटरकडे अक्षरं काढायची म्हणे. कशी काढते?"

म्हणाले, "मी नाही बघितली."

"मीही नाही," मी म्हणालो.

मंगळवार, ८ एप्रिल

बायको काल घरी होती, तिच्याकडून कळलं तेवढं लिहितो. आधी अर्धा तास आरडाओरडा. "मला सांगायला काय झालं होतं?" "तू विश्वास ठेवायला काय झालं होतं?" मग रडारड. मग बराच वेळ काहीच नाही, तेव्हा बायको घाबरून दारापाशी गेली, तर दोघी जमिनीवर बसून पावाला जॅम लावून खात होत्या. अख्खा पाव संपवला.

मी विचारलं, मग पुढे काय बोलल्या? बायको म्हणाली, "मी दार ओढून घेतलं."

बुधवार, १६ एप्रिल

ठमी कॉलेजला जाते. वजन परत येतंय, जिभेला धारही. पण माझ्या गाडीत बसत नाही. ताईंच्या गाडीत शिकते, शिट्टी मागे. मला म्हणाली, "बाबा, राग नाही. पण तिथे बोलता येतं." मी हो म्हणालो. मला लागलं, हेही लिहून ठेवतो.

शिट्टीच्या घरी काहीतरी ठरलंय. परीक्षा देणार आहे, आणि सकाळी पेंटरकडेही जाते. कसं ठरलं ते मी विचारलं नाही. मला ती नमस्कार करते, नुसता.

आता नवं असो की जुनं, कोणी गाडीत बसलं की मी पहिल्यांदा सांगतो, "गाडीत जे बोलाल ते मला ऐकू येतं." पहिला आठवडा गाडीत नुसता शुकशुकाट. दातांचे डॉक्टर गाडी थांबवून म्हणाले, "म्हणजे मी बायकोबद्दल जे रोज बोलायचो, ते?"

"शब्दन्‌शब्द."

"मास्तर, तुमची अक्कलदाढ काढायची आहे ना अजून? या तर खरं खुर्चीवर."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा गाडीत कोणीतरी माझ्याशी बोललं असं वाटलं. मागच्याशी नव्हे, माझ्याशी. रविवारी त्यांच्याकडे चहाला बोलावलंय. जावं की काय, विचार करतोय. दाढीचा उल्लेख निघाला तर उठून येईन. दाढेचा.

शुक्रवार, २ मे

आज ठमीची लायसन्सची परीक्षा. साडेदहाची वेळ. मैदानावर जायचं नाही असं मी आधीच कबूल केलं होतं. शिट्टी आणि ताई बरोबर होत्या.

ऑफिसात बसलो. साडेअकरापर्यंत फोन टेबलावर, पावणेबाराला हातात. बारा वाजता उठून सगळ्या गाड्यांच्या काचा पुसल्या. साडेबाराला वाटलं, नापास झाली असेल आणि सांगायला धीर होत नसेल. एकला वाटलं, ठोकली असेल. आमच्या घरच्या नर्सबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "मला काम आहे, तुम्हीही करा."

दीड वाजता ताई गाडी लावायला आल्या. किल्ली खुंटीला अडकवत म्हणाल्या, "काय मास्तर, पेढे कुठायत?"

"कसले?"

"अय्या! तुम्हाला नाही कळलं? अकरालाच पास झाली की! एक चूक नाही. उतरली ती शिट्टीच्या गळ्यात पडली, दोघींनी मैदानावर अशी बोंबाबोंब केली की परीक्षक दुसऱ्याची परीक्षा थांबवून बघत राहिले. मग दोघी पेंटरकडे गेल्या, शिट्टी म्हणाली तुला काहीतरी दाखवायचंय." मग ताईंचा चेहरा जरा उतरला. "तिने फोन नाही केला तुम्हाला?"

"विसरली असेल," मी म्हणालो.

ताईंना वाटलं मला वाईट वाटलं. वाटलं थोडं, नाही कसं? पण महिनाभर माझी लेक पलंगावर बसून होती, आणि आज आनंदाच्या भरात तिला बापाला फोन करायचंही सुचलं नाही. याहून मोठं प्रमाणपत्र ते परीक्षक काय देणार?

संध्याकाळी पाचला आली. केस विस्कटलेले, बाहीला निळा रंग. दारातच कपाळावर हात मारला. "बाबा! तुम्हाला सांगायचंच राहिलं!"

मी पेपर खाली ठेवला. म्हणालो, "काय गं? काय झालं?"

ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.